कवळीखालची सूज

सोमवार, ३ तारीख
आज ह्यांनी मला चोर म्हटलं! सत्तेचाळीस वर्षांचा संसार, आणि "ही बाई कोण? माझ्या कानशी पळवायला आलीय!" कानशी! ह्यांचं किल्ल्या घासून द्यायचं दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली. आता उभ्या गावात कुणाचं कुलूप अडलेलं नाही.

विसरण्याचा आजार आहे, ठाऊक आहे मला. तीन वर्षं बघतेय. पण तो मुंगीसारखा चालायचा. गेल्या बुधवारपासून धावत सुटलाय.

थोरला वृद्धाश्रमाचा फॉर्म घेऊनच आला. "आई, पुढच्या सोमवारी तिथे जागा होतेय. आता तुझ्याच्यानं होणार नाही."
"माझ्याच्यानं काय होतं ते तुला वाढवताना बघितलंस ना!"
सही करणार नाही मी. खलास.

मंगळवार, ४
डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पोरगी माझ्या नातीएवढी, पण बोलते नीट. म्हणाली, मेंदूत साफसफाई करणाऱ्या पेशी असतात. कचरा साठला की त्या खवळतात, आणि एकदा खवळल्या की थांबत नाहीत. कचऱ्याबरोबर चांगलंही खातात. सूज धरते.
"म्हणजे राखणदारच घर फोडतात? हाकला मेल्यांना!"
"आजी, त्या नसून चालत नाही." हसली. मला नाही हसू आलं.

मग म्हणाली, अंगात दुसरीकडे कुठे जंतू शिरले की त्या आणखी भडकतात, आणि माणूस चार दिवसांत ओळखू येईनासा होतो. लघवी, छाती, दात — सगळं तपासू. "आजोबांची कवळी रोज काढता ना?"
"काढते तर!" म्हटलं मी.

खोटं बोलले. तीन आठवडे झाले काढून. काढायला गेले की चावतात. आधी दोन दिवस सोडलं, मग सोडूनच दिलं. सूनबाई म्हणाली होती, "आई, मी बघू का?" तर तिच्यावरच खेकसले — माझा नवरा आहे, मी बघीन. बघितलं हं, छान बघितलं!

बुधवार, ५
सूनबाईने डोकं धरलं, मी कवळी काढली. चावले. चावू दे. खालची हिरडी काळीनिळी, मागे पू. वास असा की सूनबाई मोरीकडे पळाली. परत आली, नाकाला पदर लावून ह्यांचं तोंड पुसलं. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. दातांच्या डॉक्टरांनी पू काढला, गोळ्या दिल्या. "आजार जाणार नाही, आजी. भडका मात्र उतरेल."
तेवढं पुरे आहे मला.

शुक्रवार, ७
शिव्या कमी. पेज प्यायले.

रविवार, ९
आज नावाने हाक मारली! मग म्हणाले, "बोटाला काय झालं तुझ्या?"
"कुत्रा चावला."
किती वेळ बघत बसले माझ्या बोटाकडे.

सोमवार, १०
ह्यांना सुधारलेलं बघून थोरला फॉर्म फाडायलाच निघाला होता. ह्यांनी मनगट धरलं त्याचं. "थांब. हिला विचारू नकोस, ही नाहीच म्हणणार. मी परत बिघडायच्या आत माझी सही घे."

केली ह्यांनी सही. इतकं शहाणं व्हायला कुणी सांगितलं होतं ह्यांना!