खड्गपात्र

टेंभुर्णी,
मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी, शके १८५८

प्रिय गिरिधर,

तुझे पार्सल कार्तिक शुद्ध द्वादशीस पोहोचले. शेजारचा रखमाजी जाफराबादेच्या बाजाराला गेला होता. तेथील टपालकचेरीतून त्याने ते बैलगाडीत माझ्यासाठी घेतलेल्या धोतराच्या घडीत गुंडाळून आणले, फुटू नये म्हणून. फुटण्यासारखे त्यात काही नव्हते. गेंड्याच्या शिंगाचे ते अर्घ्यपात्र, ज्याला आपल्या शास्त्रांत खड्गपात्र म्हणतात, वीतभर लांब, आतून कोरलेले, कडेला रुप्याची पट्टी. कारागिरी उत्तम आहे. एवढे एकच वाक्य मी या वस्तूच्या बाजूने लिहू शकतो, आणि ते येथे संपले.

तुझ्या आईचे वर्षश्राद्ध कार्तिक वद्य पंचमीस यथासांग पार पडले. तर्पण तांब्याच्या पात्राने केले. बद्रीनाथभट श्राद्धाला आले होते. त्यांनी ते शिंग देवघराच्या फळीवर पाहिले आणि त्यांचे डोळे असे चमकले की पिंडांकडे त्यांचे लक्ष राहिले नाही. "गुरुजी, राजेरजवाड्यांच्या घरी न्हाई असली चीज, अन् तुम्ही तांबं धरून बसलात?" मी त्यांना म्हटले की मंत्र म्हणा. ते मंत्र म्हणाले, दोन ठिकाणी चुकले, मी सुधारले. नेहमीप्रमाणे ते रागावले. जाताना दक्षिणेऐवजी ते पात्रच त्यांनी मागितले. मी दार लावून घेतले.

आता तुझ्या पत्राविषयी. ते मी चार वेळा वाचले आहे. तू वनखात्यात रेंजर आहेस. ब्रह्मपुत्रेच्या काठचे ते गवताळ रान आणि त्यातले गेंडे राखावेत म्हणून सरकारने तुला नेमले आहे. त्याच रानात, तुझ्याच पत्राप्रमाणे, 'वाटेत खड्डा खणला गेला', 'मादी त्यात पडली', 'शिंग काढले गेले'. तीन वाक्ये, आणि तिन्हींत माणूस नाही. माणूस चौथ्या वाक्यात येतो: तंकेश्वर नावाचा, नदीकाठी म्हशी राखणारा गरीब मनुष्य. तुझ्या सांगण्यावरून त्याने तो खड्डा खणला. त्याच्या म्हशींना चराईचा परवाना देण्याचे तू कबूल केले होतेस. पुढे मोठ्या साहेबांना सांगाडा सापडला, चौकशी झाली, तंकेश्वर धरला गेला, आणि त्याच्याविरुद्धचा अहवाल लिहिलास तू. जानेवारीच्या अखेरीस खटला आहे. त्यावर तू मला धीर देतोस: 'आपण काळजी करू नये, माझे नाव कोठेही नाही.' गिरिधर, चाळीस वर्षे मी मुलांना शिकवले. पाटी फोडून शेजाऱ्याकडे बोट दाखवणारे शेकड्याने पाहिले. त्यांतला एकही इतक्या सुवाच्य अक्षरात खोटे बोलला नाही.

तुझी पत्रे ओट्यावर मोठ्याने वाचायची, हा आपल्या घरचा परिपाठ तुला ठाऊक आहे. तो तुझ्या आईने पाडला. तिला अक्षर येत नव्हते, आणि मी मनात वाचून सारांश सांगितला तर तो तिला चालत नसे. "तुम्ही गाळता. पोरगं काय म्हणतंय ते बराबर वाचा." मग रखमाजी येई, त्याची बायको सोनूबाई येई, विहिरीवरून परतणाऱ्या दोघीतिघी घागरी टेकवून उभ्या राहत. या गावात गेंडा म्हणजे केवळ ढालीचे कातडे आणि एक शिवी. तुझ्या पत्रांमुळे येथे तो जिवंत झाला. हत्ती बुडेल एवढ्या गवतातून त्याने पाडलेल्या बोगद्यासारख्या वाटा, उन्हाळ्यात चिखलात बुडून केवळ कान आणि नाकपुड्या वर ठेवून तासन्‌तास पडून राहणे, पाठीवर बसून गोचिडी टिपणाऱ्या मैना, रोज ठरलेल्या एकाच जागी शेण टाकून उभा केलेला ढीग, या सगळ्यांची चर्चा येथे पेरण्यांच्या चर्चेबरोबर होत असे. दृष्टी अधू, पण कान आणि नाक तीक्ष्ण. रोजची वाट सोडायची नाही. आवाज झाला की शहानिशा न करता धावून जायचे, असे तू लिहिले होतेस. त्यावर तुझी आई पदर तोंडाला लावून इतकी हसली की मला वाचन थांबवावे लागले. "मंग हे जनावर बघायला आसामात कशाला जायाचं? बिलकुल असंच एक चाळीस वर्षं झाली आपल्या घरात हाय की!" सोनूबाईच्या हातातली घागर कलंडली. मी पुढचा परिच्छेद मोठ्या आवाजात वाचू लागलो, आणि त्यावर त्या आणखी हसल्या.

गेंड्याची मादी सोळा महिने गाभण राहते, एकच पिल्लू देते आणि ते तीनतीन वर्षे तिच्या मागे असते, हे तू कळवलेस तेव्हा मात्र ती हसली नाही. "सोळा महिने! अन् त्या माउलीला डिंकाचा लाडू करून घालणारं कुणी न्हाई." पुढच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी तिचा एकच प्रश्न असे: त्या पिल्लाचे काही लिहिले आहे का? ज्या मादीच्या पिल्लाविषयी ती विचारत होती, ती तुझ्या पत्रांतली, डाव्या कानाला चीर असलेली. खड्ड्यात पडली तीही डाव्या कानाला चीर असलेलीच. हा तपशील तूच लिहिला आहेस. तो का लिहिलास, हे मला समजलेले नाही. बहुधा तुलाही तो आत ठेववला नसेल.

खड्डा तिच्या रोजच्या वाटेवर खणला; ती वाट बदलत नाही, हे तुला ठाऊक होते. दोन वर्षे सरकारी पगारावर तू तिच्या सवयी टिपल्यास, आणि आईच्या करमणुकीसाठी त्या आम्हांला कळवल्यास. त्याच सवयींवर तू जागा नेमलीस. शिकाऱ्याला निदान रानात भटकावे लागते. तुला भटकावेही लागले नाही.

आणि मिळवले काय? ते शिंग हाडाचे नसते, एकमेकांत घट्ट बसलेल्या केसांसारखे असते, हे पूर्वी तूच समजावून दिले होतेस. कलकत्त्याचे व्यापारी ते औषध म्हणून खपवतात, आणि शहाणी माणसे ते उगाळून घेतात. आपली नखे कुरतडून गिळली तर तेवढाच गुण येईल, आणि कोणाचा जीव जाणार नाही. बद्रीनाथभट म्हणतात की पितर याने तृप्त होतात. मी त्यांना विचारले, कोणते पितर? माझे वडील मुंगीच्या वारुळाला वळसा घालून जात. ते याने तृप्त होतील, असे मानणारा त्यांना ओळखत नाही. माझ्या वडिलांनी तरुणपणी याच शिवारात चित्ता पाहिला होता. मी त्याच्याविषयी ऐकले. तू तो शब्द केवळ वाचलास. माझ्या लहानपणी जाफराबादेच्या वाटेवर काळविटांचे कळप आडवे जात, तेव्हा बैल आपण होऊन थांबत. आता बडे लोक मोटारीतून येतात आणि बंदुकीच्या एका फेरीत कळप संपवतात. आम्ही ओट्यावर बसून त्यांना नावे ठेवतो. तुझ्या रानात किती गेंडे उरले आहेत, हे तू गतवर्षी लिहिले होतेस. तो आकडा ऐकून रखमाजी म्हणाला होता, "यापेक्षा जास्त तर आमच्या भावकीत माणसं हायेत." त्यातून एक तू वजा केलास. पिल्लू जगले नसेल तर दोन.

पार्सलसोबतचे तुझे पत्रसुद्धा मी ओट्यावरच वाचायला घेतले होते. पार्सल आलेले, सगळे कौतुकाने जमलेले, पात्र हातोहात फिरत होते. आरंभीचा कुशल वृत्तांत वाचला, आणि पुढे काय आहे हे लक्षात येईपर्यंत मी वाक्याच्या मध्यावर होतो. थांबता आले असते. थांबलो नाही. मादी पडली, तीन दिवस पिल्लू खड्ड्याच्या कडेला उभे होते, चौथ्या दिवशी ते दिसले नाही, हे सगळे मी स्पष्ट उच्चारात वाचले. पात्र तेव्हा सोनूबाईच्या हातात होते. तिने ते जमिनीवर ठेवले आणि हात पदराला पुसले. रखमाजीने विचारले, "मंग ते लेकरू कुठं गेलं म्हणायचं, गुरुजी?" ते तू लिहिलेले नाहीस. मग त्याने आणखी विचारले, "अन् तो तंकेश्वर? त्याला पोरंबाळं हायेत का?" तेही तू लिहिलेले नाहीस. उठताना तो म्हणाला, "गिरिधरभाऊंनी असं कसं केलं? कुण्या भलत्याच्या नादी लागले जणू." मी मान हलवली. होकारार्थी हलवली, गिरिधर.

येथवर मी जे लिहिले ते सर्व खरे आहे, आणि तरी हे पत्र आतापर्यंत अप्रामाणिक आहे. तुझ्या पत्रातले एक वाक्य मी त्या दिवशी ओट्यावर वाचले नाही. 'तात्या, आपण आयुष्यात प्रथमच माझ्याकडे काही मागितलेत, म्हणून नाही म्हणणे मला शक्य झाले नाही.' हे वाक्य मी गाळले. नजर पुढच्या ओळीवर नेली आणि आवाज न अडखळता वाचत राहिलो. चैत्रात मी तुला लिहिले होते की, तुझ्या आईच्या वर्षश्राद्धास खड्गपात्राने तर्पण घडले तर मला काही उणे राहणार नाही, आणि तू ज्या प्रदेशात आहेस तेथे ते दुर्लभ नसावे. आषाढात पुन्हा लिहिले, स्मरण असावे म्हणून. ते मिळते कोठून, हे मला ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय मला नाही. तुझी पत्रे मीच तर वाचत होतो. तरुणपणी जाफराबादेस एका श्रीमंताच्या घरी श्राद्धाला गेलो असता असे पात्र पाहिले होते. यजमानाने ते मला हातात घेऊ दिले नाही, लांबूनच दाखवले. तुझ्या आईने ते कधी मागितले नव्हते. तिला ते दाखवले असते तर तिने काय विचारले असते, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. तिच्या नावाने मी माझी हौस मागितली, आणि तू ती पुरवलीस. तुझा अपराध त्याने कमी होत नाही. मी तो कमी करायला बसलेलो नाही. पण माझा वाटा तुझ्या पाठीवर लादून गावात मान हलवणारा मनुष्य तुला उपदेश करण्यास पात्र नाही, म्हणून काल सकाळी ओट्यावर सर्वांना बसवून ते गाळलेले वाक्य आणि माझ्या दोन्ही पत्रांतला मजकूर मी सांगितला. रखमाजीने बराच वेळ तंबाखू मळली आणि म्हणाला, "मंग साहेबाला कोण सांगणार?"

त्याचे उत्तर तयार होते. हे पत्र त्याच्याचसाठी आहे. तुझ्या मोठ्या साहेबांच्या नावे मी एक पत्र लिहिले आहे. खड्गपात्र मी मागितले, दोनदा मागितले, माझ्या मुलाने ते माझ्यासाठी मिळवले, तंकेश्वराने हुकूम पाळला, असे त्यात आहे. मला इंग्रजी येत नाही, म्हणून जालन्याला जाऊन एका वकिलाकडून त्याचे भाषांतर करून घेतले. त्याने एक वाक्य मऊ केले होते. ते इंग्रजी पुन्हा मराठीत सांगायला लावल्यावर ते पकडले गेले, आणि मी ते पूर्ववत करून घेतले. सोबत ते पात्रही जाईल. पाकीट बांधून तयार आहे, पण मी ते मार्गशीर्ष वद्य सप्तमीला टाकीन, आज नाही. हे पत्र आज निघत आहे. तुला अठरा दिवस मिळतील. तेवढ्यात तू आपल्या पायांनी साहेबांकडे जा आणि तंकेश्वर सुटेल असे खरे सांग. नोकरी जाईल, कदाचित त्याच्या जागी तू आत जाशील. साहेबांनी मला बोलावले तर मी येईन. इतका लांबचा प्रवास मी कधी केलेला नाही, पण आगगाडीत बसणे म्हातारपणीही शिकता येत असावे. माझे पाकीट त्यांच्या टेबलावर पडेल तेव्हा त्यातली प्रत्येक गोष्ट त्यांनी आधीच तुझ्या तोंडून ऐकलेली असावी, एवढीच माझी इच्छा आहे. हे मात्र मागणे आहे, आणि तू मला नाही म्हणू शकतोस. पाकीट तरीही जाईल.

तुझाच,
तात्या