बेबी रडत नाही

रविवार, २२ नोव्हेंबर १९६४. खामगाव.
बाळंतपणाची तीन महिन्यांची रजा आज संपली. उद्यापासून शाळा. मुळीच काळजी नाही. गृहशास्त्राच्या पुस्तकावरून बेबीचं टाइमटेबल तयार करून भिंतीला चिकटवलं आहे. दूध सहा, दहा, दोन, सहा. मध्ये झोप. रडली तरी उचलायचं नाही.
सांभाळायला आईची जुनी शेजारीण पंचफुलामावशी आली आहे. माझ्या आईसारखीच तिचीही वीस वर्षं कापसाच्या जिनात गेली. तिला वाचता येत नाही, म्हणून टाइमटेबल दोनदा वाचून दाखवलं. मावशी म्हणाली, पोरीले वाचता येते काय व? हे हसले. यांना नियोजन कळत नाही.
मार्चमध्ये मला नोकरीत कायम करायचं की नाही ते ठरेल. शाळेचे सेक्रेटरी म्हणतात, मूल झालं की बाई शाळेत अर्धीच येते. आमच्या घरातली मी पहिली बी.ए. पूर्ण येऊन दाखवीन.

सोमवार, २३
पहिला दिवस उत्तम. फक्त दोन वाजता, नववीच्या तासाला, पोलकं भिजलं. बेबीची दुधाची वेळ! म्हणजे माझं शरीरसुद्धा टाइमटेबल पाळतं. उद्यापासून आत टिपकागद ठेवायचा.
बेबी दिवसभर रडली. मावशीनं सहा वेळा उचललं. तिला नियम पुन्हा समजावले. मग मीही रडले. दहाच मिनिटं.

गुरुवार, २६
टिपकागदाचा लगदा होतो. तीन मुली हसल्या. त्यांना शिक्षा केली नाही, कारण शिक्षेचं कारण सांगावं लागलं असतं.
बेबी रडतेच आहे. आज पुन्हा उशीर. मोठ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. उद्यापासून चारला उठणार.
मावशीला म्हटलं, काहीही कर, पण हिला टाइमटेबलवर आण. मावशीनं विचारलं, काईबी? म्हटलं, हो, काहीही.

सोमवार, ३०
विजय! चार दिवस बेबी रडली नाही. मी निघण्याआधीच झोपते, संध्याकाळी उठवावी लागते. शिस्त म्हणतात ती हीच. मावशी निरक्षर खरी, पण शास्त्र समजली.
हे म्हणाले, लय झोपून राह्यली व पोरगी. अडाणी माणसाला निरोगी मूलही आजारी वाटतं. (वाक्य चांगलं आहे. कुठेतरी वापरायचं.)

शुक्रवार, ४ डिसेंबर
मोठ्या बाईंनी आपण होऊन सांगितलं, माता-पालक सभेत 'बाळाची झोप' या विषयावर बोला. सेक्रेटरीही येणार. बेबीलाच प्रात्यक्षिकाला नेते. तिचं वजन थोडं उतरलंय. उंची वाढत असावी.

बुधवार, ९
सभा. बेबीला टेबलावर निजवून चाळीस मिनिटं बोलले. शेवटी शिपायाकडून तिच्या उशाशी शाळेची घंटा वाजवली. बेबी हललीसुद्धा नाही! टाळ्या. सेक्रेटरी म्हणाले, वा.
जिनातून आलेल्या बाया तेवढ्या एकमेकींकडे पाहत होत्या. त्यांतली जनकाबाई पुढे आली, बोटानं बेबीची पापणी उचलून पाहिली आणि म्हणाली, आमचेबी असेच झोपत, बाई. म्या दोन असेच झोपवले. कौतुकानं विचारलं, आता कितवीत आहेत? म्हणाली, एक सातवीत हाय. दुसऱ्याचं सांगितलं नाही. गर्दी होती.

रविवार, १३
मावशी पहाटेच्या गाडीनं पिंपळगाव राजाला, लेकीकडे. बेबी दहापासून किंचाळते आहे. घाम, हातपाय थरथरतात, दूध घेत नाही. यांनी डॉक्टरांना आणलं. त्यांनी तिचे डोळे पाहिले आणि मला विचारलं, हिला अफू कोण देतं? मी म्हटलं, डॉक्टर, मी बी.ए. आहे.
औषध दिलं. म्हणाले, आठ दिवस फार रडेल. आई जवळ लागेल.
संध्याकाळी मावशी आली. काही लपवलं नाही. कमरेची पुडी सोडून दाखवली. मोहरीएवढी गोळी. म्हणाली, तूच म्हने ना, काईबी कर? जिनातल्या साऱ्या बाया देत. तुई माय कामाले जाये तवा तुलेबी म्याच देल्ली. मंग, झाली नाही का तू बीए?
तिला जा म्हटलं. गेली.

मंगळवार, १५
दोन दिवस घरी राहिले. वर्षाची रजा संपली. बेबी रडते, थकते, पुन्हा रडते. सासूबाईंना गावी निरोप पाठवला होता. त्यांनी कळवलं, म्हैस व्याली आहे.
मोठ्या बाईंनी चिठ्ठी पाठवली. उद्या तपासणी, इन्स्पेक्टर माझा तास पाहणार, जमत नसेल तर राजीनामा द्यावा. हे म्हणाले, सोडून दे. म्हटलं, तुम्ही सोडा.
राजीनामा दोनदा लिहिला. अक्षर नीट येईना, म्हणून फाडला.

बुधवार, १६. सकाळी.
यांना पाठवून मावशीला बोलावलं. लगेच आली. बेबीला छातीशी धरलं. गोळी अजिबात द्यायची नाही, हे जाताना दारात स्पष्ट सांगणार आहे.

तोच दिवस. संध्याकाळी.
सकाळी उशीर होत होता. सांगायचं राहिलं.
तास चांगला झाला. इन्स्पेक्टरांनी शेरा लिहिला. येताना आळीच्या तोंडापासून कान देत चालले. आमच्या घरातून काहीच आवाज येत नव्हता. मावशी उंबऱ्यात गहू निवडत बसली होती. सरकून तिनं वाट दिली. तिला काही विचारलं नाही.