पांढऱ्या खडीवर माझा पाय

शॉमबर्ग
एप्रिल २००६

अहो,

शिरसाष्टांग नमस्कार.

आधी तब्येतीचं सांगा. डावा गुडघा कसा आहे? की तिकडे गुडघे लागतच नाहीत? सासूबाईंचा दमा गेला का? मामंजींना आता नीट ऐकू येतं, की अजून सगळं ओरडूनच सांगावं लागतं? नलूवन्सं वेळेवर जेवतात ना? आणि आपला टिपू भेटला का हो, एका पायाने लंगडणारा? सगळ्यांना माझा नमस्कार सांगा. टिपूला नुसतं कुरवाळा.

इकडे प्रशांतची पाठ धरली आहे, गाडी चालवून चालवून. सूनबाई बरी आहे. माझं बीपी गोळीवर आहे. शरीराने सगळे धडधाकट, पण माझं मन काही ठिकाणावर नाही. म्हणाल, वर्षभर चार शब्द नाहीत आणि आज एकदम पत्र? काय करू? लाज वाटते ती सांगू कुणाला? प्रशांत स्वतःच त्यात आहे. आणि मी जे केलं ते तुमच्याच बाबतीत केलंय.

मागच्या शनिवारी तुमचं वर्षश्राद्ध केलं. गुरुजी आठवडाभर कॉम्प्युटरवर असतात, म्हणून तिथी सोडून शनिवार धरला. रागावू नका. खीर, वडे, आमसुलाची चटणी, सगळं केलं. गुरुजी म्हणाले, "काकू, पिंड वाहत्या पाण्यात सोडा हं."

प्रशांत म्हणाला, "आई, बिल्डिंगच्या मागे तळं आहे की."

मी म्हटलं, "त्या बदकांच्या डबक्यात? तुझे बाबा तिकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. मिशिगनला चल. त्यांच्या नदीवर."

किती शहाणपणाने बोलले बघा! पाच वसंत तुम्ही मागे लागला होतात, "अगं सुमन, एकदा चल, स्टीलहेड मासे नदी चढताना बघ." मी आले का? चारचौघांत कुणी विचारलं, "काका कुठे गेले?" तर मी सांगायची, "शेजाऱ्यांबरोबर फिरायला." एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला माणूस छातीपर्यंत रबरी विजार घालून थंडगार पाण्यात उभा राहतो, हे काय सांगायचं? आणि एवढं करून मासा घरी आणायचा नाही! पकडायचा, तोंडातला आकडा काढायचा, पाण्यात सोडून द्यायचा! पहिल्या वेळी मी मसाला वाटून ठेवला होता, आठवतं? तुम्ही हात हलवत आलात आणि वर म्हणता कसे, "तिला कसं आणायचं गं? ती बाळंतपणाला माहेरी आली होती."

मी तुमच्याशी दोन दिवस बोलले नाही. मसाला मात्र वाया घालवला नाही, बटाट्याला लावला.

आणि तो माझा केशरी स्वेटर! त्याची बाही उसवून तुम्ही आकड्याला लोकर गुंडाळत बसलात, माशाच्या अंड्यासारखी दिसावी म्हणून. मी ओरडले तर म्हणालात, "तुझा स्वेटर नाहीतरी तुला तंग होतो." खरं होतं हो. म्हणून तर जास्त राग आला.

असो. शेजारचे डेल त्यांच्या नदीकाठच्या लाकडी घरी आधीच गेले होते. दर वसंतात तुम्हाला तेच न्यायचे ना? प्रशांतने फोन केला तर लगेच म्हणाले, या, तो जिथे उभा राहायचा ती जागा दाखवतो. चार तास पिंडांचा स्टीलचा डबा मांडीवर धरून गेले. वाटेत प्रशांतने कॉफी घेतली. मी पाण्याचा थेंब घेतला नाही.

नदी बघितली आणि मला रडूच आलं. एवढी स्वच्छ! तळ दिसतो. काठाला अजून थोडा बर्फ, झाडं उघडी, आणि पाणी आपलं हसत चाललेलं. मनात म्हटलं, हे इथे यायचे होय, आणि मी घरात फुरंगटून बसायची.

डेल गाडीतून काहीतरी आणायला गेले. प्रशांत फोनवर रेंज शोधत होता. मी म्हटलं, कशाला कुणाला थांबायचं? सपाता काढल्या. पायात घालून का पिंड सोडायचे? साडी वर खोचली आणि जागा शोधू लागले. सगळीकडे शेवाळलेले काळपट दगड. मधेच, काठापासून पाच-सहा पावलांवर, बारीक खडीचा एक पट्टा होता, पांढरा, लख्ख, जणू कुणी घासून ठेवलाय. मला वाटलं, बघा, तुमच्यासाठी सारवून ठेवल्यासारखी जागा आहे! पिंड काय घाणीत सोडायचे?

पाणी बर्फासारखं होतं. पण त्या पट्ट्यावर पाय ठेवला तर खडी मऊ, सैल. पाय आत गेला. बरं वाटलं तळव्यांना. देवाशपथ बरं वाटलं.

तेवढ्यात मागून डेल ओरडले, "नॉट देअर! मॅम, नॉट देअर!"

प्रशांत म्हणाला, "आई, ते थांब म्हणतायत."

"थांबवणारे ते कोण?" मी म्हटलं. "भात टाकलेला चालत नसेल त्यांना. सांग त्यांना, आमचा विधी आहे." आणि ओरडतात म्हणून मी आणखी दोन पावलं आत गेले. हट्टाने! माझा हट्ट तुम्हाला नवीन नाही. चांगली पाय रोवून उभी राहिले, डबा उघडला, तुमचं नाव मनात घेतलं आणि पिंड सोडले. माझ्या पायापासून हातभर अंतरावरून दोन मोठे मासे सर्रकन निघून गेले. मला वाटलं, तुम्हीच आलात.

डेल धावत पाण्यात आले. रागावले नाहीत हो. हाताला धरून बाहेर आणलं, स्वतःच्या जाड टॉवेलने माझे पाय गुंडाळले. आणि मग हळू आवाजात सांगितलं. प्रशांत मराठीत सांगत होता. "ती पांढरी खडी म्हणजे माशांचं घरटं आहे आई. मादी शेपटीने दगड धुऊन खळगा करते आणि आत अंडी घालते. म्हणून ती जागा स्वच्छ दिसते. त्यावर पाय द्यायचा नसतो."

प्रशांतचं बोलणं संपायच्या आधीच तुमचा आवाज आला मला. तसाच्या तसा. मी फोडणीपाशी, तुम्ही ओट्याला टेकून, ताटलीत पोहे पसरून दाखवताय, "हे बघ, ती अशी शेपटी मारते. काळे दगड चालतील, घसरलो तरी चालेल, पण पांढरं दिसेल तिथे पाय ठेवायचा नाही. ती बाळंतिणीची खोली." आणि मी म्हणतेय, "हं, हं. पोहे सांडू नका."

एकदा नाही, दर वसंतात सांगितलंत तुम्ही.

डेल म्हणाले, "त्याने तुम्हाला सांगितलंच असेल. तो सगळ्यांना सांगायचा. पेट्रोल भरणाऱ्या पोरालासुद्धा सांगायचा."

प्रशांतने माझ्याकडे बघितलं. "आई, बाबा कधी बोलले होते का असं?"

आणि मी म्हटलं, "नाही. काही बोलले नाहीत."

अहो, कसं निघालं हो तोंडातून! तुमच्या श्राद्धाच्या दिवशी, तुमच्या नदीकाठी, तुमच्या मित्राच्या टॉवेलात पाय गुंडाळून, मी तुमच्यावर ढकललं. प्रशांतने ते इंग्रजीत सांगितलं. डेल नदीकडे बघत म्हणाले, "तुम्ही कधी इथे याल असं त्याला वाटलं नसेल कदाचित."

तेही मी ऐकून घेतलं. वर मानही हलवली! म्हणजे आता त्या भल्या माणसाला वाटतंय, की तुम्ही साऱ्या जगाला सांगितलंत आणि बायकोला तेवढं सांगितलं नाहीत. बायकोला काय कळतंय, असं म्हणणारे तुम्ही होतात म्हणे. तुम्ही! ज्यांनी मला नकाशा वाचायला शिकवलं, बँकेत स्वतः सही करायला उभं केलं!

अंडी तुडवली ती अजाणता. त्याचं दुःख आहे, पण ते देव बघून घेईल. खोटं बोलले ते जाणून.

परतताना प्रशांत म्हणाला, "बाबा मलाही चल म्हणायचे. मी दरवेळी काम आहे म्हणायचो." मी डोळे मिटून घेतले. त्याला वाटलं मी दमले.

काल फोनच्या मशीनवर डेलचा निरोप होता. सूनबाईने लावून दाखवला. ते माफी मागत होते! "तुमच्या पूजेच्या वेळी मी ओरडलो, मला वाईट वाटतं, मॅमना सांगा." सूनबाई म्हणाली, "किती छान आहेत ना आई ते?" मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

तर आता ठरवलं आहे. उद्या सकाळी मी स्वतः फोन करणार. प्रशांतला मधे घ्यायचं नाही, तो माझं बोलणं गोड करून सांगेल. वाक्य पाठ केलंय: "माय हजबंड टोल्ड मी. मेनी टाइम्स. आय डिड नॉट लिसन. आय टोल्ड यू लाय." बरोबर आहे ना? चुकलं तरी डेलना कळेल. मग प्रशांतलाही समोर बसवून हेच मराठीत सांगणार. आणि पुढच्या वसंतात मी आणि प्रशांत, दोघं नदीवर जाऊ. मी काठावरच उभी राहीन, आणि जो कुणी पाण्यात उतरेल त्याला सांगेन, पांढऱ्या खडीवर पाय देऊ नका, असं आमचे हे सांगायचे. हे माझं तुम्हाला वचन.

आता तुम्ही उत्तर पाठवा, आणि लवकर पाठवा. नुसतं "ठीक आहे" नको. रागावला असाल तर तसं लिहा. अजून काय काय सांगितलं होतंत तेही सगळं परत लिहा. ऐकताना आता घाई करणार नाही. मी ऐकते आहे.

तुमची,
सुमन