हिरवळीखालची रेती

रावेर, ता. १७-१-८८

चि. गं. भा. तानुबाई हिस,
उखर्डूचे अ. उ. आ.

केळीच्या ट्रकसोबत तणाच्या औषधाची पुडी धाडली आहे. गाजरगवताने तुझे हात खाजतात म्हणून कळवलेस. मी तीन वर्षं मक्यात हेच मारतो. तुझी हिरवळ अठरा बाय अकरा फूट, मी स्वतः मोजली आहे. चहाचे दोन चमचे, सपाट, शीग नको, झारीभर पाण्यात. शिंपडून झाल्यावर लगेच नळी सोडून चार बोटं पाणी उभं कर. केळीला खत टाकून आबा पाट फोडायचे तसं. पुडीवरच्या बारीक अक्षरांच्या नादी लागू नकोस. मी सातवी नापास, पण कृषीवाले साहेब माझ्या बांधावर येऊन विचारतात. मधल्या रामफळाला काही होत नाही. झारी उचलताना लहानपणीसारखी पाय घसरून बसू नकोस म्हणजे झालं.

माया आहेच, तुझीही असू दे.
उखर्डू

धुळे, ता. ६-३-८८

ती. भाऊस,
तानुबाईचा कृ. सा. न. वि. वि.

सांगितलंस तसंच केलं. गाजरगवत उगवलं नाही, हिरवळ गादीसारखी झाली. पण रामफळाची पानं कडेने पिवळी पडून गळताहेत. आजारपणात काठी टेकत यांनी स्वतः खड्डा खणून लावलेलं झाड, तुला ठाऊकच आहे. चार वर्षांनी यंदा पहिल्यांदा दोन फळं धरली. शेजारची झुंबरबाई म्हणते कशी, हाई बठ्ठं औषधनं काम शे. मी तिला सुनावलं, माझा भाऊ असा चुकायचा नाही. तरी एकदा येऊन बघ.

तुझी,
तानुबाई

रावेर, ता. २२-३-८८

चि. तानुबाईस अ. आ.

तुझ्याकडून आल्यापासून घास गोड लागत नाही. झाडाजवळ खणून मी मूळकुज म्हणालो, ते खोटं. हिरवळीखाली सहा बोटं माती निघाली आणि तिच्याखाली दोन हात नुसती पांझरा नदीची रेती. आमच्या काळ्या जमिनीत पाणी थबकतं, तुझ्याकडे औषध घेऊन थेट मुळांशी उतरलं. गवताला ते सोसतं, झाडाला नाही. काल मास्तरांकडून पुडीवरचा कागद वाचून घेतला. रेताड जमिनीत झाडांच्या मुळांजवळ वापरू नये, पाणी हलकं द्यावं, असं छापलं आहे. तुझी जमीन न विचारता चार बोटं पाणी मी सांगितलं. सुकदेवरावांचं झाड मी मारलं.

आखाजीच्या सणाला मुऱ्हाळी म्हणून दुसऱ्या कुणाला धाडत नाही, तुला माहेरी न्यायला मीच येतो. येताना रामफळाचं रोप आणतो.

उखर्डू

धुळे, ता. १२-४-८८

ती. भाऊस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. मला त्याच दिवशी कळलं होतं. तू खड्ड्यातली रेती मुठीत धरून किती वेळ बसलास, आणि मूळकुज म्हणताना माझ्याकडे पाहिलं नाहीस. चहाही अर्धा ठेवून उठलास. झुंबरबाईला मी अजून मूळकुजच सांगते.

दोन्ही फळं कच्चीच गळाली. गव्हात घालून ठेवली होती, काळी पडली. शेंड्याला अजून सात पानं आहेत.

आखाजीला येऊ नकोस भाऊ. राग नाही. वहिनीला सांग, राग नाही. पण ती सात पानं मागे ठेवून माहेरी झोक्यावर बसायला मन होत नाही. रोपही आणू नकोस. यांचे हात त्याला कुठून लागणार?

गाजरगवत पुन्हा उगवलं तर उगवू दे. मी हाताने उपटीन.

लोभ कमी करू नकोस.
तानुबाई