टाकीचं झाकण

अहो,

"सातला पिकअप काढायची आहे, डबा भरून ठेव," असं तुम्ही रात्री बजावलंत. डबा ओट्यावर आहे. पण निघण्याआधी हे वाचा.

काल चढावर गाडी पुन्हा बंद पडली आणि तुम्ही बॉनेटमध्ये डोकं घातलंत. मला आठवडाभर शंका होतीच, म्हणून मी हळूच डिझेलच्या टाकीचं झाकण फिरवलं. टाकीने सूंऽ करून हवा आत ओढली आणि गाडी लगेच सुरू झाली. तुम्ही म्हणालात, "तुझा जप पावला!" मी जपाचंच निमित्त करून गप्प राहिले. रात्रभर डोळा लागला नाही.

पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून झाकणाखाली ट्यूबचं रबर मीच बसवलं होतं. त्याने हवेचं भोक बुजलं. हवा नाही, म्हणून डिझेल पुढे येईना. मेकॅनिक डिझेल बघायला आधी झाकणच उघडायचा, त्यामुळे त्याच्यापुढे गाडी शहाण्यासारखी चालायची. आणि गाडी चालवणाऱ्या भाऊजींनी ती वाटेत बंद पडते असं सांगितलं, तर तुम्ही त्यांना चारचौघांत म्हणालात, "गाडीला काही झालेलं नाही, तूच कामचुकार आहेस." तेव्हापासून ते गोदामात झोपतात. आज आठच्या बसने कायमचे चालले आहेत.

रबर मी काढून टाकलंय. रागवायचं ते माझ्यावर रागवा, पण आधी स्टँडवर या. माल तासभर थांबेल.

चूक कुणाची ते कळलं की स्वतः येऊन सांगेन, असा शब्द मी भाऊजींना दिलाय. आजचा जप अजून व्हायचाय, तो वाटेत करते. तुमची झोप मोडू नये म्हणून दार नुसतं लोटून निघालेय.