देवाच्या दारात रुसणारा ट्रक

पाली, ता. २७ फेब्रुवारी १९८४

तीर्थस्वरूप हरिश्चंद्रमामांच्या चरणी महिपतचा साष्टांग नमस्कार (हात ग्रीसने भरलेत, म्हणून लांबूनच). मामींचा गुडघा कसा आहे? कुर्ल्याच्या गॅरेजात आपल्याला बसून जेवायला तरी वेळ मिळतो का? इकडे मी, हौसा आणि तिच्या कोंबड्या खुशाल आहोत. आजारी आहे तो सासऱ्यांचा ट्रक.

तोच, मिलिटरीच्या लिलावातला पेट्रोलवाला, आपण पसंत करून दिलेला (दोष देत नाही, नुसती आठवण). पहाटे थंड असताना शहाण्यासारखा सुरू होतो. रत्नागिरीहून मासळी भरून कोल्हापूरला निघायचं आणि पालीच्या अलीकडे वाटेवरच्या देवाला नारळ द्यायचा, हा आमचा रिवाज. बाबू गुरव नारळ फोडतात, गाऱ्हाणं घालतात, आणि तेवढ्यात तापलेला ट्रक जो रुसतो तो हलत नाही. पहिल्या दिवशी बाबूकाका म्हणाले, "देवाचा कायतरी ऱ्हायलाय. मोटा गाऱ्हाना घालूया." त्यांनी ट्रकच्या सहा चाकांचं वेगवेगळं कल्याण मागितलं आणि अर्ध्या तासाने ट्रक खरंच सुरू झाला. मासळीवरचा बर्फ निम्मा वितळला होता, पण माझे डोळे भरून आले.

मग रोज मोठं गाऱ्हाणं. मी केबिनमध्ये बसून जमलेल्यांच्या प्रत्येक "व्हय महाराजा"ला अ‍ॅक्सिलरेटर दाबायचो (देवाला होकार आणि इंजिनाला आग्रह, एकदमच). जसजशी माझी भक्ती वाढली, तसतसा ट्रकचा रुसवा लांबला. गेल्या सोमवारी मात्र शिंगाळा माशाचा काटा पायात घुसला. सुजलेला पाय पेडलवर पडला तो उचलवेना, तसाच तळापर्यंत दाबून राहिला. सेल्फ मारला, ट्रक दोनदा खोकला, काळा धूर सोडला आणि गाऱ्हाणं निम्म्यावर असतानाच सुरू झाला. बाबूकाकांना ते आवडलं नाही.

मी विचार केला, देव तोच, नारळ तसाच, फरक फक्त माझ्या पायाचा. प्लग काढले तर काळे आणि पेट्रोलने ओलेचिंब. कार्ब्युरेटर उघडला तर आतली, पेट्रोल अडवणारी सुई झिजलेली. म्हणजे गाडी बंद केली की पेट्रोल आत ठिबकत राहतं, आणि वरून मी पाय मारमारून आणखी पाजत होतो. इंजिनाला अजीर्ण झालं होतं आणि मी त्याला आग्रहाने वाढत होतो. सोमवारी पाय तसाच दाबून राहिला म्हणून भरपूर हवा आत गेली आणि तुंबलेलं पेट्रोल धुरातून निघून गेलं.

रोग सापडला याचा आनंद काय सांगू. पण आमचे सासरे, आप्पा, म्हणतात की शिमग्याआधी हा धड धावला नाही तर भंगारात. मला हा ट्रक सोडवत नाही, मामा. आता कुठे त्याची नाडी कळायला लागली आहे.

आपला
महिपत

ता.क. नवी सुई मिळेल त्या एसटीने पाठवावी. नाहीतर शिमग्याला सगळे चाकरमानी गावी येतील आणि आम्ही उलटे मुंबईला, आपल्या खोलीवर. मामींना सांगून ठेवावं: मी, हौसा, दोन ट्रंका. कोंबड्या ती मागे ठेवणार नाही.

ता.क. २. बाबूकाकांनी विचारलं, सुई बसली की देवाला विसरशील का? मी म्हटलं, नारळ रोजचा, फक्त "व्हय महाराजा" यापुढे तोंडाने. ते खूश झाले आणि आजच्या गाऱ्हाण्यात त्यांनी सुईही घातली, आपलं नाव आणि गॅरेजचा पत्ता घेऊन. सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हटलं आहे. पुढे आपली मर्जी.