नऊ इंजिनं

वाशी,
१४ सप्टेंबर २०२५

चि. अभिराम,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बापलेक ठीक, तू आणि सोनमही मजेत असाल. ताईने फोन सोडून पत्र लिहिलं म्हणून हसू नकोस. या एवढ्याशा घरात फोनवरचं सगळं अण्णांना ऐकू जातं. अर्धांगाने त्यांचा उजवा हात नेला, कान नाही.

तू पाठवलेल्या आगगाडीने त्यांच्यात जीव आला, हे खरं. हॉलभर रूळ पसरलेत, जेवायचं टेबल बाल्कनीत गेलंय. प्रत्येक इंजिनात डीकोडर नावाची चिप असते. इंजिन बाजूच्या सुट्या रुळावर ठेवायचं, त्याला नंबर द्यायचा, सुटताना किती जोर, थांबताना किती सावकाश, ते आकडे चिपमधल्या ठरलेल्या घरांत भरायचे. मग ते आपल्या नंबरालाच ऐकतं. अण्णा सांगणार, मी बटणं दाबणार. "सुमे, घाटातलं इंजिन असं उडी मारून सुटतं का गं?" की पुन्हा पहिल्यापासून.

एक सांगितलं नव्हतं. मला बढती मिळतेय, नागपूरला. होकार तीस तारखेपर्यंत कळवायचाय. अण्णा म्हणाले, "नऊच्या नऊ इंजिनं लावून दे, मग खुशाल जा." बँकेतून आले की मी रोज बसायचे. पण काल लावलेलं इंजिन आज कोरं. मी स्वतःलाच वेंधळी म्हणत होते.

शेवटी दिवसभर त्यांच्याजवळ असणाऱ्या गोजराबाईंना राहवलं नाही. "ताई, अन्ना दुपारी मना इंजिना रुलावर ठेवाला लावतान न् डाव्या हाताने बटना दाबतान. बोलतान, ताईला सांगू नको."

आठव्या घरात आठ आकडा भरला की चिपमधलं सगळं पुसलं जातं. त्याच डाव्या हाताने चमचा धरवत नाही म्हणून मी त्यांना भरवते, अभि! असा संताप आला! पण बोलले नाही. बोलले असते तर ते रडले असते, आणि मग मी जन्माची अडकले असते.

या आठवड्यात त्यांना ताप होता. चार दिवस पलंगावरच. मी नऊही इंजिनं लावली, चालवून पाहिली. एकेक कसं अलगद सुटलं. आता मला अडवणारं कोणी नव्हतं.

आणि मग मीच एकेक उचललं आणि आठच्या घरात आठ भरले. नऊ वेळा. एक्कावन्नाव्या वर्षी परक्या गावात एकटीने राहायची मला भीती वाटली रे. इतकी वर्षं अण्णांच्या नावाने रडत आले ते सोपं होतं.

काल ताप उतरला. अण्णांनी गाडी सोडायला सांगितली. एकही इंजिन हललं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. या खेपेला आपण काही केलेलं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग म्हणाले, "चल, पहिल्यापासून." आणि किती महिन्यांनी पोटभर हसले.

तू तीस तारखेच्या आत ये. मी नको म्हणेन. ऐकू नकोस.

तुझी,
सुमाताई